ॲक्रिलिकवरचं जेल पॉलिश सुटतंय? निघालेला पापुद्रा आधी उलटा करून बघा

तुमचा प्रश्न वाचला. आठवड्यापूर्वी पार्लरमध्ये ॲक्रिलिक एक्स्टेंशन करून घेतलंत, तिथून क्लिअर चमकदार नखं घेऊन आलात, घरी मागवलेलं मरून जेल पॉलिश त्यावर दिलंत आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना अनामिकेवरचा रंग अख्खाच्या अख्खा निघून आला. लग्न तीन आठवड्यांवर आहे, आणि आता हे सगळं काढून दुसरं काही करून घेऊ का, असं विचारताय.

काढू नका. ॲक्रिलिकवर जेल पॉलिश व्यवस्थित चालतं. नखांचं काम करणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी रोज तेच करतो.

तो निघालेला पापुद्रा टाकला नसेल तर ट्यूबलाइटखाली उलटा धरून बघा. माझ्याकडे कोणी ‘रंग टिकत नाही’ म्हणून आलं की मी पॉलिश कुठलं, लॅम्प केवढ्याला घेतला, हे नंतर विचारते. आधी पापुद्रा मागते. त्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल, तर खालच्या थराची चमक मोडलीच नव्हती. पांढरट भुरका दिसला, तर फाइल केल्यावरची धूळ तशीच राहिली होती. चिकट किंवा सुरकुतलेली असेल, तर जेल आतपर्यंत क्युअर, म्हणजे लॅम्पच्या उजेडात पक्कं कडक, झालं नव्हतं. आणि रंगाबरोबर ॲक्रिलिकचा तुकडाही उचलला गेला असेल, तर बिचाऱ्या जेलचा काही दोष नाही, एक्स्टेंशनच नखापासून सुटतंय. तेव्हा ते काम पार्लरवालीकडे परत न्या.

तुमच्या बाबतीत गुळगुळीत निघेल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. ॲक्रिलिक फाइल केल्यावर आपोआप आरशासारखं चमकत नाही. पार्लरने वर टॉप कोट, म्हणजे शेवटचा चमकदार थर, दिला असणार, आणि तुम्ही रंग दिलात तो त्या टॉप कोटवर. जुन्या ऑइलपेंटच्या भिंतीवर पॉलिश पेपर न मारता नवा रंग दिला तर जे होतं, तेच इथे झालं.

थोडं आतलं सांगते, म्हणजे पुढचं पटेल. ॲक्रिलिक म्हणजे पावडर आणि लिक्विड. दोन्ही एकत्र आले की पावडरमधलं बेन्झॉइल पेरॉक्साइड प्रक्रिया सुरू करून देतं आणि मिश्रण हवेतच कडक होतं, त्याला लॅम्प लागत नाही. (तो डेंटिस्टकडचा वास उगाच येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या मोडलेल्या नखावर दातांसाठीचंच ॲक्रिलिक वापरलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली असं सांगतात.) जेल त्याच घराण्यातलं, पण ते उजेडावर कडक होतं. एकदा घट्ट झालेल्या ॲक्रिलिकशी ते फारसं एकजीव होत नाही. पृष्ठभागावर जे बारीक ओरखडे असतात, त्यांत रुतून बसतं. ओरखडे नसतील तर बसायचं कुठे?

म्हणून १८० ग्रिटची (खरखरीतपणाचा हा आकडा फाइलवर लिहिलेला असतो) फाइल किंवा बफर घ्या आणि हलक्या हाताने आधीचा रंग, मग टॉप कोट, मग ॲक्रिलिकची चमक घालवा. आकार बदलायचा नाही, फक्त लकाकी मारायची. नख खडूने पुसलेल्या फळ्यासारखं दिसलं पाहिजे. मधला भाग सगळ्याच नीट करतात. राहतात त्या दोन्ही कडा आणि क्यूटिकलजवळची, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळची, चंद्रकोर, आणि जेल नेमकं तिथूनच सुटायला लागतं. नख तिरपं करून उजेडात बघा, कुठेही चमकलं तर तिथे पुन्हा फाइल.

मग कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाने नको, तंतू चिकटतात, धागे न सोडणारे वाइप्स मिळतात ते घ्या. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि आपल्याला तर तेलकटपणा काढायचाय. पुसल्यावर नखाला बोट लावायचं नाही, ‘किती छान मॅट झालंय’ म्हणून कुरवाळायचंही नाही. क्यूटिकल ऑइल सगळं झाल्यावर, शेवटी.

प्रायमर, म्हणजे पकड बसावी म्हणून आधी लावतात तो द्रव, ॲक्रिलिकवर लागत नाही. मागे नवीन नख उगवलं असेल तर तेवढ्याच पट्टीवर, तोही पुसटसा. बेस कोटवरून, म्हणजे रंगाच्या खाली द्यायच्या पारदर्शक थरावरून, आमच्यात दोन तट आहेत. ॲक्रिलिकवर बेस हवाच कशाला, असं म्हणणाऱ्या जणी आहेत आणि त्यांची नखंही टिकतात. मी मात्र पातळ बेस देतेच. एक तर तुमच्यासारखा मरून रंग ॲक्रिलिकमध्ये उतरून गुलाबी झाक ठेवून जातो. दुसरं म्हणजे पुढे रंग फाइल करून काढताना पारदर्शक थर दिसला की थांबायचं हे कळतं.

रंगाचा थर किती? पोळीवर तूप फिरवतो तेवढा. पहिल्या थरात रेघा दिसल्या तर दिसू देत, दुसऱ्यात झाकल्या जातात. गडद मरून आणि काळा हे सगळ्यात फसवे रंग. रंगद्रव्य इतकं दाट असतं की लॅम्पचा उजेड खालपर्यंत पोहोचत नाही, वर कडक कवच आणि आत ओला गाळ. दोन जाड थरांपेक्षा तीन पातळ बरे. प्रत्येक थर नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा, आणि क्यूटिकलपाशी केसाएवढी जागा सोडा. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. एलईडी लॅम्पमध्ये साधारण ३० ते ६० सेकंद, जुन्या ट्यूबवाल्या यूव्ही लॅम्पमध्ये २ मिनिटं. अंगठा चार बोटांबरोबर घातला की तिरपा पडतो आणि त्याची एक बाजू कच्ची राहते, म्हणून दोन्ही अंगठे वेगळे. थरांच्या मध्ये जो चिकटपणा राहतो तो पुसू नका, हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर तसा राहतो आणि पुढचा कोट त्यालाच धरतो. शेवटी टॉप कोट ‘नो वाइप’ (चिकटपणा न राहणारा) नसेल तरच अल्कोहोलने पुसायचं.

एका गोष्टीवर मी जरा कटकट करणार आहे. कातडीला लागलेलं, कच्चं राहिलेलं जेल तसंच सोडू नका, लॅम्पमध्ये घालण्याआधी काडीने काढा. जेलमधल्या हेमा नावाच्या घटकाची ॲलर्जी अशीच हळूहळू लागते. आधी बोटांच्या टोकाला खाज, मग भेगा. आणि एकदा लागली की सहसा जन्माची सोबत, पुढे दातांत भरायच्या काही मटेरियललाही अंग विरोध करू शकतं. युरोपीय संघाने हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असा नियम केलाय, आणि टीपीओ हा जेलमध्ये सर्रास वापरला जाणारा घटक १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत बंदच आहे. आपल्याकडे घटकांची यादी न छापलेल्या बाटल्या शंभर-दीडशेला मिळतात. तुमची तशी असेल तर ती कितीही सुंदर मरून असो, राहू द्या.

आता लग्नाचं. इथेच ॲक्रिलिकवर जेल असण्याचा खरा फायदा आहे, कारण लांबी आणि रंग ही दोन कामं दोन वेगळ्या दिवशी करता येतात. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे लग्नापर्यंत मागे चांगली पट्टी दिसेल. तेव्हा लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी रिफिल करून, म्हणजे ती पट्टी ॲक्रिलिकने भरून, घ्या आणि वर फक्त क्लिअर टॉप कोट ठेवा. फाइल केलेलं उघडं ॲक्रिलिक हळदीला नेऊ नका, त्या ओरखड्यांत हळद अशी बसते की विचारू नका. मागच्या वर्षी एका नवरीने हट्टाने हळदीच्या आदल्या दिवशी दुधी रंगाचं जेल लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दहाही नखं आंब्याच्या बर्फीसारखी. हळदीचा डाग उन्हात फिकटतो हे खरं, पण नवरीला गच्चीत हात पसरून बसायला वेळ कुठे असतो? मेंदीचंही तेच. मेंदी, हळद दोन्ही क्लिअर टॉप कोटवर होऊ द्या आणि हळदीच्या संध्याकाळी तो कोट फाइल करून मरून लावा. मेंदीवर तेल चोळलेलं असेल तर नखं अल्कोहोलने दोनदा पुसा, फक्त नखं, आजूबाजूची मेंदी नाही.

हिरवा चुडा भरताना कासाराला आधीच सांगा की नखं लावलेली आहेत. तो हात दाबून अंगठा आत घेतो, तेव्हा लांब नख दुमडून मोडलेलं मी पाहिलंय.

लग्नानंतर रंग बदलायचा झाला तर ॲसिटोनमध्ये बोटं बुडवू नका. ॲसिटोन जेलबरोबर ॲक्रिलिकही मऊ करतं आणि सगळंच गोळा होऊन येतं. रंग फाइलने बेसपर्यंत उतरवायचा, ॲक्रिलिक तसंच ठेवायचं. नखाने सोलायचं तर नाहीच. कुठे उचललेल्या भागाखाली हिरवट डाग दिसला तर वर रंग देऊन झाकू नका. ओल राहून स्यूडोमोनास जिवाणू वाढतो त्याचा तो रंग असतो. एक्स्टेंशन काढून नख कोरडं ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आजच दहाही नखांवर प्रयोग करू नका. ज्या अनामिकेचा रंग गेला तिच्यावरच वर सांगितल्याप्रमाणे करा आणि चार दिवस नेहमीसारखी भांडी घासा, कणीक मळा. टिकलं तर बाकीची नऊ. निघालंच तर पापुद्रा जपून ठेवा आणि खालच्या बाजूचा फोटो इथे टाका.