न्यू जर्सीचं घर विकून नॉर्थ कॅरोलिनाला निघालोय, मेडिगॅप कुठून घेऊ?

पत्र पहिलं

ताई नमस्कार. मी ६६ वर्षांचा आहे, एडिसनला राहतो आणि यंदा ऑगस्टअखेर रिटायर होतोय. ऑफिसचं इन्शुरन्स त्याच दिवशी संपणार. कंपनी मोठी आहे, कव्हर चांगलं होतं म्हणून ६५ ला मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) फक्त पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग घेतला, पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांचा भाग घेतला नाही. घर विकून नोव्हेंबरपर्यंत मुलीजवळ कॅरीला जायचं ठरतंय. हिचं वय ६२, ती माझ्याच प्लॅनवर आहे. मला डायबेटिस आहे आणि एक स्टेंट पण बसलाय. एक मित्र म्हणतो ॲडव्हान्टेज (सरकारी मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत मिळणारा प्लॅन) घे, झीरो प्रीमियम, वर दात डोळे पण त्यातच. दुसरा म्हणतो काही झालं तरी मेडिगॅपचा (मेडिकेअर भरत नाही तो वाटा भरणारी खाजगी पॉलिसी) प्लॅन जी सोडू नको. आता इथे घेऊन काय उपयोग, तिकडे गेल्यावरच बघावं असं मला वाटतंय. शिवाय दर हिवाळ्यात आम्ही तीन महिने भारतात असतो, त्याचं काय? जरा सविस्तर सांगा.

उत्तर

नमस्कार. "तिकडे गेल्यावर बघू" हे मात्र कृपा करून नको. तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी तीच काळजी वाटली, म्हणून तिथूनच सुरू करते.

पार्ट बी ज्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होईल तिथपासून सहा महिने तुम्हाला कुठलीही मेडिगॅप कंपनी नाही म्हणू शकत नाही, तब्येतीचे प्रश्न विचारून जास्त पैसेही लावू शकत नाही. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे जर्सीत असा नाहीतर कॅरोलिनात, लागू आहेच. पण ही सहा महिन्यांची मुदत साधारण आयुष्यात एकदाच मिळते. ती गेली की बहुतेक राज्यांत कंपनी तुमची सगळी मेडिकल हिस्टरी बघते आणि डायबेटिस अधिक स्टेंट म्हटल्यावर सरळ नकार येऊ शकतो. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमधे वर्षभर कधीही घेता येतं, पण तुम्ही जिथे आहात आणि जिथे चाललात त्या दोन्ही ठिकाणी ती सोय नाही.

आता तुमच्या तारखा मांडून बघू. ३१ ऑगस्टला नोकरी संपते, तर पार्ट बी १ सप्टेंबरपासून सुरू झाला पाहिजे. त्यासाठी सोशल सिक्युरिटीकडे दोन फॉर्म द्यायचे, एक पार्ट बीचा अर्ज आणि दुसरा ऑफिसच्या एचआरने सही केलेला, की या माणसाला नोकरीमुळे कव्हर होतं. हा दुसरा फॉर्म लोक विसरतात आणि मग लेट पेनल्टीचं पत्र घरी येतं, म्हणून एचआरच्या मागे आत्ताच लागा, रिटायर झाल्यावर तिथे फोन उचलणारं कोणी ओळखीचं असेलच असं नाही. आणि एचआरने कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून ऑफिसचंच इन्शुरन्स चालू ठेवायची सोय) देऊ केली म्हणून पार्ट बी लांबवू नका हं. कोब्रा म्हणजे नोकरीचं कव्हर असं मेडिकेअर धरत नाही, पेनल्टीशिवाय पार्ट बी घ्यायचं, नोकरी संपल्यापासूनचं आठ महिन्यांचं घड्याळ चालूच राहतं.

१ सप्टेंबरला पार्ट बी म्हणजे तुमचे सहा महिने फेब्रुवारीअखेरपर्यंत. तुम्ही नोव्हेंबरला हलणार. मग सरळ करा असं: मेडिगॅप जर्सीच्या पत्त्यावर १ सप्टेंबरपासूनच घ्या, एक दिवसही मोकळा ठेवू नका. ओरिजिनल मेडिकेअर (ॲडव्हान्टेज नाही, थेट सरकारचं) असेल तर मेडिगॅप राज्य बदललं तरी तुमच्याबरोबर येते, फक्त नवीन पत्त्यावर प्रीमियम बदलू शकतो, ते कंपनीला आधीच विचारून ठेवा. (एक मेडिगॅप सिलेक्ट नावाचा प्रकार असतो, त्याला नेटवर्क असतं, तो मात्र हलणाऱ्या माणसाने घेऊ नये.) कॅरीला पोचलात, सामान लागलं, की डिसेंबर जानेवारीत तिथले दर बघा. स्वस्त मिळालं तर मुदत बाकी आहे तोवर प्रश्नोत्तरांशिवाय बदलता येईल. नवीन हातात आल्याशिवाय जुनी बंद करायची नाही एवढं पाळा.

जी की ॲडव्हान्टेज, याबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. तुमच्या परिस्थितीत जी किंवा एन. ॲडव्हान्टेज वाईट असं मी म्हणणार नाही, एकाच गावात राहणारे आणि ज्यांचे डॉक्टर नेटवर्कमधे आहेत असे बरेच लोक त्यात समाधानी आहेत. पण ते प्लॅन काउंटीप्रमाणे असतात. तुम्ही जर्सीत घेतलं की दोन महिन्यांत ते सोडून तिकडे दुसरं शोधायचं. मोठ्या तपासण्यांना आधी परवानगी घ्यावी लागते, आणि आजारपणाच्या वर्षी खिशातून जाणारी नेटवर्कमधली कमाल रक्कम २०२६ ला ९,२५० डॉलरपर्यंत असू शकते. झीरो प्रीमियम म्हणजे पार्ट बीचा प्रीमियम सुटला असंही नाही, महिन्याचे २०२.९० भरायचेच. लोक म्हणतात वर्षभरात आवडलं नाही तर परत मेडिगॅप घेता येते, तर ती सवलत ६५ ला पहिल्यांदा पात्र झाल्याबरोबर ज्यांनी ॲडव्हान्टेज घेतलं त्यांच्यासाठी आहे, तुम्ही तिच्यावर विसंबू नका.

प्लॅन जी मधे पार्ट बीचं वर्षाचं डिडक्टिबल, यंदा २८३ डॉलर, तेवढं तुम्ही द्यायचं, त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारांत तुमच्या वाट्याचं बाकी सगळं ते भरतात. हॉस्पिटलात ॲडमिट झालात तर पार्ट एचं १,७३६ डॉलरचं डिडक्टिबल पण त्यातच. प्लॅन एन चा प्रीमियम साधारण कमी असतो, पण डॉक्टरकडे गेलं की २० डॉलरपर्यंत, इमर्जन्सीत ५० पर्यंत द्यावे लागतात आणि मेडिकेअरच्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावणारे डॉक्टर असतील तर तो फरक तुमचा. कार्डिऑलॉजिस्ट, एंडोक्रिनॉलॉजिस्ट अशा तुमच्या फेऱ्या होणार, म्हणून मी जी कडे झुकते. प्लॅन एफ बद्दल कुणी सांगेल, तो १ जानेवारी २०२० पासून नव्याने मेडिकेअरला पात्र झालेल्यांना मिळत नाही.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. जी म्हणजे जी, कुठल्याही कंपनीचा घ्या, फायदे कायद्यानेच सारखे. (मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या तिघांची पद्धत वेगळी आहे, तुमचा संबंध नाही.) त्यामुळे नाव मोठं म्हणून जास्त पैसे देऊ नका. विचारायचं ते हे की प्रीमियम वयाप्रमाणे दरवर्षी वाढणार का घेतानाच्या वयावर ठरलेला आहे, गेल्या काही वर्षांत किती वाढ केलीत, आणि एकाच घरात दोघांनी घेतली तर सूट किती. पहिल्या वर्षी सगळ्यात स्वस्त असलेली कंपनी पुढे सगळ्यात महाग होऊ शकते.

औषधांसाठी पार्ट डी वेगळा घ्यायचा, मेडिगॅपमधे औषधं नसतात. तो भागाप्रमाणे असतो म्हणून कॅरीला गेल्यावर बदलावा लागेल, त्यासाठी दोन महिन्यांची सवड मिळते. यंदा औषधांवर खिशातून वर्षाला २,१०० डॉलरच्या वर जात नाही, इन्सुलिन किंवा महागडी नवीन औषधं घेणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. ६३ दिवस किंवा जास्त काळ औषधांचं कव्हर नसेल तर कायमची पेनल्टी लागते, तेव्हा तिथेही गॅप नको.

भारताचं: मेडिकेअर भारतात काही देत नाही. जी आणि एन दोन्हीत परदेशातल्या इमर्जन्सीची सोय आहे, २५० डॉलर तुमचे, उरलेल्याच्या ८० टक्के ते देतात, पण ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांतलीच इमर्जन्सी आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. तुमचे तीन महिने म्हणजे शेवटचा महिना उघडा पडतो. स्टेंटवाल्या माणसाने वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावाच आणि त्यात जुने आजार धरलेत का ते पॉलिसीच्या कागदावर वाचावं, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

वहिनींकडे पण लक्ष द्यायला हवं, कारण या सगळ्या गडबडीत तरुण जोडीदार मागे राहतो. त्यांना मेडिकेअरला तीन वर्षं आहेत. तुम्ही रिटायर व्हायच्या आधीच्या १८ महिन्यांत मेडिकेअरवर आला असाल (तुमचा पार्ट ए धरतात) तर त्यांची कोब्रा तुमच्या मेडिकेअरच्या तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत चालू शकते, हे एचआरकडून लेखी घ्या. पण ऑफिसच्या प्लॅनचं नेटवर्क कॅरीत आहे का? नसेल तर कोब्राचे भरमसाट पैसे भरून उपयोग नाही, मग मार्केटप्लेसचा (सरकारी वेबसाइटवरून स्वतः घ्यायचा खाजगी) प्लॅन बघा. कव्हर गेल्यावर ६० दिवस आणि राज्य बदलल्यावर पुन्हा ६० दिवस मिळतात.

घर विकताय म्हणून आणखी एक. पार्ट बी आणि डीचा प्रीमियम दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, २०२६ साठी जोडप्याची मर्यादा २,१८,००० डॉलर. तुमचा २०२४ चा पगार जास्त असेल तर वाढीव प्रीमियमचं पत्र येईल, तेव्हा घाबरू नका, रिटायरमेंट हे मान्य कारण आहे, एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून घेता येतो. घराच्या नफ्याचं मात्र तसं नाही. जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंत नफा माफ, त्यावरचा नफा यंदाच्या उत्पन्नात धरला जाऊन २०२८ चा प्रीमियम वाढवेल आणि तिथे फॉर्म चालणार नाही. सीएशी विक्रीआधी बोला, जुन्या घरात केलेल्या मोठ्या कामांच्या पावत्या शोधून ठेवा, त्याने नफा कमी दिसतो.

जर्सीत शिप आणि नॉर्थ कॅरोलिनात शिप नावाचीच, फक्त इंग्रजी स्पेलिंगमधे एक आय जास्त असलेली सरकारी सल्ला सेवा आहे. फुकट आहे आणि त्यांना कमिशन नसतं. दोन्हीकडे फोन करा.

पत्र दुसरं

ताई, आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे, न्यूयॉर्कला आहोत आणि आता कायमचं पुण्याला जातोय. मेडिगॅप आणि पार्ट बी दोन्ही बंद करून टाकावं म्हणते, दर महिन्याला कशाला पैसे घालवायचे? मुलगा टेक्ससला आहे, अगदी वेळ आली तर त्याच्याकडे परत येऊ.

उत्तर

मेडिगॅप सोडायला हरकत नाही, पार्ट बी मात्र पहिलं वर्ष दोन वर्षं ठेवा असं मी सांगेन. पार्ट एला तुमचा प्रीमियम नसेल तर तो तसाच राहतो. पार्ट बी सोडलात आणि परत आलात तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के वाढ, तीही कायमची, आणि अर्ज फक्त जानेवारी ते मार्चमधे, कव्हर पुढच्या महिन्यापासून. म्हणजे मे महिन्यात काही झालं म्हणून विमानाने आलात तर थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पार्ट बी नाही. कायमचं जाणारी कितीतरी माणसं नातवंडांसाठी नाहीतर तब्येतीसाठी परत येतात, म्हणून मन स्थिर होईपर्यंत हे पैसे जाऊ द्यावेत.

मेडिगॅपची गोष्ट तुमच्या "टेक्ससला येऊ" वर अडते. परत न्यूयॉर्कलाच आलात तर कधीही मिळेल. टेक्ससला गेलात तर सहा महिन्यांची संधी पुन्हा मिळेल असं धरून चालू नका. पार्ट डी आणि ॲडव्हान्टेज देशाबाहेर राहायला गेल्यावर ठेवता येत नाहीत, पण परत आल्यावर ते घ्यायला दोन महिने मिळतात, तेव्हा टेक्ससला तुमच्यासाठी ॲडव्हान्टेज हाच बहुधा रस्ता राहील, तो मनात धरून ठेवा.

पुण्याला पोचल्यावर हेल्थ पॉलिसी लगेच घ्या. भारतात २०२४ पासून नियम बदललेत, वय जास्त म्हणून दार बंद राहिलं नाही आणि जुन्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्यापासून मोजतात म्हणून उशीर करू नका. फॉर्मवर बीपीची गोळी सुद्धा लिहा, काही लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं.

पत्र तिसरं

आईबाबा ग्रीन कार्डवर तीन वर्षं माझ्याकडे आहेत, आता बहिणीकडे दुसऱ्या राज्यात जाणार आहेत. राज्य बदललं तर मेडिकेअरची पाच वर्षं परत पहिल्यापासून मोजतात का?

उत्तर

नाही, देश बदलत नाही ना, राज्य बदलल्याने काही बिघडत नाही. अट अमेरिकेत सलग पाच वर्षं राहण्याची आहे, तेव्हा भारतातला लांब मुक्काम तेवढा टाळा. पाच वर्षं पूर्ण होतील त्या महिन्याच्या तीन महिने आधी अर्ज करा. त्यांनी इथे नोकरी केलेली नसेल तर पार्ट ए विकत घ्यावा लागेल, २०२६ ला माणशी महिना ५६५ डॉलर, वर पार्ट बी. तोपर्यंत मार्केटप्लेसचा प्लॅन हाच धड पर्याय आहे. व्हिजिटर इन्शुरन्सवर दिवस काढू नका, त्यात जुने आजार बहुतेक वगळलेले असतात. सध्या त्यांच्याकडे मार्केटप्लेसचा प्लॅन असेल तर हलल्यापासून ६० दिवसांत बहिणीच्या पत्त्यावर नवीन घ्या, आणि पुढे पार्ट बी सुरू होईल त्याच महिन्यात मेडिगॅपचे दर मागवा, त्यांचेही ते सहा महिने तेव्हाच सुरू होतात.