वाचकांचे प्रश्न : कपलर चांगल्या अँटेनाला वाईट का ठरवतो?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान कारखान्यात २.४ गिगाहर्ट्‌झच्या अँटेना तपासण्यासाठी मी १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ बोर्डवर समांतर पट्ट्यांचा मायक्रोस्ट्रिप (बोर्डवर तांब्याची पट्टी आणि खाली ग्राउंड) कपलर, म्हणजे मुख्य पट्टीवरील सिग्नलचा लहानसा अंश शेजारच्या पट्टीत उतरवणारे साधन, तयार केला आहे. कपलिंग, म्हणजे उतरलेला अंश मूळ सिग्नलपेक्षा किती खाली आहे तो आकडा, हवे तसे २० डेसिबल मिळाले, परंतु कपलर उलटा जोडून मोजले असता मोजणीच्या त्याच पोर्टवर (जोडणीच्या टोकावर) सिग्नल ३० डेसिबलच खाली जातो. चौथ्या पोर्टवर ५१ ओहमचा साधा, पायांचा रेझिस्टर बोर्डवरच लावला आहे. डायरेक्टिव्हिटी, म्हणजे पुढे जाणारी आणि परतणारी लहर वेगळी ओळखण्याची क्षमता, वाढवण्यासाठी पट्ट्यांमधील अंतर बदलावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अंतर बदलू नये. त्या अंतरावर कपलिंग ठरते आणि ते आपल्याला हवे तेवढे मिळालेले आहे. आपली डायरेक्टिव्हिटी ३० वजा २०, म्हणजे १० डेसिबल आहे. तिचा परिणाम असा, की २० डेसिबल रिटर्न लॉस (परतणारा सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती खाली आहे तो आकडा; मोठा तितका चांगला) असलेली उत्तम अँटेनाही या कपलरवर ७.६ ते १३.३ डेसिबलच्या दरम्यान कुठेही दिसेल आणि विनाकारण नापास होईल.

माझा पहिला संशय रेझिस्टरवर आहे. पुढे जाणाऱ्या लहरीचा जो अंश दुसऱ्या पट्टीत उतरतो, तो चौथ्या पोर्टवर पूर्णपणे शोषला गेला नाही तर परत फिरून मोजणीच्या पोर्टवर येतो. त्यामुळे पट्ट्या निर्दोष असल्या तरी डायरेक्टिव्हिटी त्या लोडच्या, म्हणजे सिग्नल शोषण्यासाठी टोकाला लावलेल्या रेझिस्टरच्या, रिटर्न लॉसच्या वर जात नाही. रेझिस्टरच्या पायाचे इंडक्टन्स दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री असते आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर त्याचा विरोध १५ ओहम होतो. पाय कितीही आखूड कापले तरी दोन्ही मिळून दोन मिलिमीटर उरतातच, आणि तेवढ्याने रिटर्न लॉस ११ डेसिबलच्या आसपास येतो. आपल्या १० च्या आकड्याशी हे फार जवळचे आहे. मी स्वतः एकदा पट्ट्यांचे तीन बोर्ड नव्याने करून घेतले होते, आणि दोष शेवटी लोडच्या ग्राउंडमध्ये निघाला. म्हणून चौथ्या पोर्टलाही एसएमए (आट्यांचा छोटा आरएफ) कनेक्टर बसवून तयार ५० ओहमचा लोड लावावा आणि पुन्हा मोजावे. लोड बोर्डवरच हवा असेल तर १०० ओहमचे दोन चिप रेझिस्टर समांतर लावून त्यांच्या अगदी लगत ग्राउंडची भोके पाडावीत.

त्यानंतर जे उरेल ते मायक्रोस्ट्रिपचे मूळचे दुखणे असेल. दोन्ही पट्ट्यांवर समान व्होल्टेज असते तेव्हा क्षेत्र मुख्यतः बोर्डच्या आत राहते. विरुद्ध व्होल्टेज असते तेव्हा ते मधल्या फटीत आणि वरच्या हवेत पसरते. त्यामुळे दुसऱ्या प्रकारची, म्हणजे विषम मोडची, लहर अधिक वेगाने धावते आणि नको असलेल्या पोर्टवर दोन्ही लहरी एकमेकींना पूर्ण रद्द करू शकत नाहीत. उघड्या एफआर-४ चा, तांबे काढून टाकलेला एक तुकडा पट्ट्यांवर बोटाने दाबून ॲनालायझरकडे (सिग्नल मोजणाऱ्या उपकरणाकडे) पाहावे. सिग्नल आणखी खाली गेला तर निदान बरोबर आहे असे समजावे.

यावर माझ्या पसंतीचा उपाय म्हणजे जोडणीच्या भागाच्या दोन्ही टोकांना पट्ट्यांमध्ये अगदी लहान कपॅसिटन्स देणे, कारण त्याचा परिणाम फक्त विषम मोडवर होऊन तो मंदावतो. आपल्या मापांसाठी हे मूल्य ०.०७ पिकोफॅरडच्या आसपास येते. विकतचा कपॅसिटर लावण्याच्या फंदात पडू नये; टोकांशी तांब्याची छोटी जिभळी काढून ती ब्लेडने थोडी थोडी खरवडावी. फटीकडच्या कडा करवतीसारख्या दातेरी करण्याचा मार्गही आहे, पण बोर्ड नव्यानेच करायचा असेल तर मी वर दुसरा बोर्ड आणि दुसरे ग्राउंड देऊन सरळ स्ट्रिपलाइनच करीन. तिच्यात दोन्ही मोडचा वेग सारखाच असतो, मात्र दोन बोर्डांमध्ये हवेची फट राहता कामा नये.

खरवडताना कपलर उलटाच जोडलेला असेल, तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला अँटेना न लावता खात्रीचा लोड लावावा. तो लोडच २० डेसिबलचा असला, तर ३० डेसिबलची डायरेक्टिव्हिटी साधूनही ती आपल्याला दिसणार नाही.