हकचं मन त्याला का खातं?

प्रश्न : मार्क ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’मध्ये हक नावाचा गोरा मुलगा जिम या काळ्या गुलामाला नदीवरून तराफ्यानं निसटायला मदत करतो. काम तर चांगलंच आहे. मग त्याचं मन त्याला का खात राहतं?

उत्तर : कारण बरं-वाईट काय ते त्याला शिकवणारं गावच गुलामगिरी मानणारं आहे. कादंबरी अमेरिकेत १८८५ मध्ये आली, पण तिच्यातला काळ यादवी युद्धाच्या आधीचा. हकचं गाव ज्या राज्यात आहे, त्या मिसुरीत तेव्हा माणूस विकत घेणं कायदेशीर होतं. जिम मिस वॉटसनच्या मालकीचा, म्हणजे त्याला पळू देणं ही चोरी. सोळाव्या प्रकरणात हकचं मन त्याला हेच विचारतं : तुला धडे आणि रीतभात शिकवायला झटणाऱ्या त्या बाईनं तुझं काय वाईट केलं होतं? जिम म्हणतो, मालकानं मुलं विकली नाहीत, तर कुणाकडून तरी ती चोरून आणवू. ते ऐकून हक हादरतो. बापानं स्वतःच्या मुलांना ‘चोरणं’ त्याला भयंकर वाटतं! हे वाक्य घाईत वाचू नका, सगळी गोम तिथे आहे.

मग तो जिमला पकडून द्यायला होडीतून निघतो. मागून जिम ओरडून सांगतो, की तू माझा सगळ्यात चांगला मित्र आहेस. इथेच हकचं अवसान गळतं. पळालेले गुलाम शोधणारे दोघे बंदूकधारी विचारतात, तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा? तो ‘गोरा’ म्हणतो आणि घरच्यांना देवी आल्याचा संशय त्यांच्या मनात पेरतो. ते जवळ येत नाहीत; दोघे मिळून वीस-वीस डॉलरची सोन्याची दोन नाणी फळीवरून त्याच्याकडे सोडतात. खोटं जमलं, तरी हकला वाटतं आपण चुकलो.

प्रश्न : एकतिसाव्या प्रकरणात जिमला पकडून देणारं स्वतःचंच पत्र हक फाडतो, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीचा विजय होतो, असं म्हणता येईल का?

उत्तर : नाही, आणि बहुतेक वाचक चुकतात ते इथेच. विजय होतो तो मैत्रीचा, आणि हरते ती हीच बुद्धी. स्वतः ट्वेननंही सुदृढ हृदय आणि बिघडलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होऊन बुद्धी हरते, असंच लिहून ठेवलं आहे.

क्रम नीट पाहा. ‘राजा’ म्हणवणारा ठक जिमला चाळीस डॉलरला विकतो. हक प्रार्थना करू पाहतो, पण शब्द फुटत नाहीत. मग तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो आणि पापातून धुऊन निघाल्यासारखं त्याला वाटतं. पत्र लिहिल्यावर मात्र नदीवरचे दिवस आठवू लागतात : आपली पहाऱ्याची पाळी संपली तरी हकला झोपू देणारा जिम, धुक्यातून तो परतल्यावर आनंदलेला जिम. गुलामगिरी चूक आहे, असा एकही युक्तिवाद तो करत नाही. नरकात जायचं तर जाऊ, म्हणतो आणि पत्र फाडतो. त्याच्यासाठी नरक खराच आहे, म्हणूनच ही किंमत मोठी.

प्रश्न : मग हकचे विचार बदलले का?

उत्तर : जिमबद्दल हो, बाकी फारसे नाही. पुढच्याच प्रकरणात तो आगबोटीवरच्या स्फोटाची कहाणी रचतो. कुणाला लागलं का, असं विचारल्यावर नाही म्हणतो आणि वर एक काळा माणूस मेल्याचं सांगतो. समोरच्या बाईला पटावं म्हणून असेल, पण वाक्य किती सहज येतं! त्याआधी पंधराव्या प्रकरणात जिमची थट्टा केल्याबद्दल माफी मागायला मन तयार करताना त्याला पाव तास लागतो. पण नंतर त्याचा पस्तावा होत नाही, हेही तो सांगतो. ही तीन प्रकरणं, १५, १६ आणि ३१, सलग वाचा, आणि लगेच ३२वं उघडा.