वचन रोज येतं, ननंद कधी येणार?

प्रश्न : मावशी, सलाम. मी नगर जिल्ह्यातली, वय ४३. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. भरवणं, पुसणं, डायपर, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, मुलगा बारावीला. ननंद पुण्यात असते. रोज पहाटे कबुतराच्या चित्रावर बायबलचं वचन पाठवते आणि खाली लिहिते, 'चिंता करू नकोस वहिनी, प्रभू पाहतोय.' महिन्यातून एकदा आमच्याकडे प्रार्थनासभा होते, वीस-पंचवीस माणसांचा चहा-पोहे मीच करते. मी चर्चमध्ये वाढले, संडे स्कूल शिकवलं. पण आता प्रार्थनेला डोळे मिटले की झोप लागते, नाहीतर चिडचिड होते. बायबल उघडलं तर एकाच ओळीवर अडकते. महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, शांती नाही म्हणजे विश्वासात खोट आहे, शोध. मागच्या आठवड्यात आईंनी भरवलेला घास थुंकला आणि मनात आलं, 'देवा, ने आता यांना.' तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. मी खरी ख्रिस्ती आहे का? रोज थोडी तरी शांती कशी मिळेल? – मार्था (हे नाव मुद्दाम घेतलंय)

उत्तर : अगं मार्था, सलाम.

नाव मुद्दाम का घेतलंस ते कळलं. मार्थेवरचा उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसली, ही बाई मात्र स्वयंपाकघरात धुसफुसत राहिली, म्हणून तिला समज मिळाली. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय संपतो, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, आणि कुकर लावून चर्चला आलेल्या बायका खाली मान घालून घरी जातात. मार्थेचं पुढं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. ते योहानाच्या शुभवर्तमानात आहे. अकरावा अध्याय काढ. आज नाही जमलं तर राहू दे, मीच सांगते.

भाऊ लाजर आजारी पडतो. बहिणी येशूला निरोप धाडतात. निरोप पोचूनही तो होता तिथंच दोन दिवस राहतो. त्यांच्या गावी, बेथानीला, येतो तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मरीया घरात बसून राहते. उठून गावाबाहेर त्याला गाठायला जाते ती मार्था, आणि समोर येताच म्हणते काय, तर तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. दुःख आहेच त्यात, पण सरळ तक्रारही आहे. येशू तिला गप्प बसवत नाही, तुझा विश्वास तपास असंही म्हणत नाही. तो तिच्याशी बोलत उभा राहतो. आणि तुम्ही ख्रिस्त आहात, देवाचे पुत्र आहात, ही थोर कबुली त्याच संभाषणात तिच्याच तोंडून येते. कबरेवरची धोंड सरकवायची वेळ आल्यावर 'आता वास येत असेल' असं बोलून दाखवणारीसुद्धा तीच. बाकीच्यांनाही ते सुचलं असेल. पण आजारपण आणि मरण हातांनी निस्तरलेल्या बाईलाच ते आधी आठवतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

पुढच्या अध्यायात त्याच गावी जेवण आहे. मार्था काय करतेय? वाढतेय. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. तेव्हा नाव घेतलंयस तर पूर्ण मार्थेचं घे.

आता त्या घासाबद्दल. आईंनी थुंकल्यावर तू काय केलंस ते लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. त्यांचं तोंड पुसलंस आणि पुन्हा कालवायला घेतलंस. 'ने आता यांना' हा विचार दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या असंख्य माणसांच्या मनात येऊन जातो, फक्त सभेत कुणी त्याची साक्ष देत नाही. त्यात आईंचे हाल बघवत नाहीत हे असतं आणि आपण संपत आलोय हेही असतं. तू तो देवापुढं बोललीस. दुसरीकडे कुठं बोलायचा होता?

शिवाय तो घास त्यांनी रागानं थुंकला असेलच असं नाही. अर्धांगानंतर पुष्कळांचे गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. घास गालात साठतो, पाणी श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. हे डॉक्टरांना नक्की सांग. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही तपासतात आणि किती घट्ट, किती पातळ भरवायचं ते सांगतात. तोवर त्यांना नीट उठवून बसवल्याशिवाय भरवू नकोस, आणि जेवणानंतर लगेच आडवं करू नकोस.

मंडळातल्या त्या बाईंचं बोलणं मात्र मला पटत नाही. शांती हे विश्वासाचं प्रगतिपुस्तक नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात गाऱ्हाण्यांची संख्या इतकी मोठी आहे की शांती नसलेल्यांचा विश्वास खोटा ठरवला, तर बायबलच अर्धं रिकामं होईल. तेरावं स्तोत्र सुरू होतं तेच 'कुठवर, परमेश्वरा?' असं विचारत. सहाच वचनं आहेत, दूध उतू जायच्या आत वाचून होईल. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत सावरत नाही, अंधारातच संपतं. ते कुणी गाळून टाकलं नाही, शेकडो वर्षं उपासनेत वाचलं गेलं. आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा? त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की देव जवळ नाही असं त्यांना कित्येक दशकं वाटत होतं. त्या काळात रस्त्यावरची मरणाला टेकलेली माणसं त्या उचलतच होत्या. त्यांनाही कुणी खोट शोध म्हणालं असतं का, असा माझा आपला एक खवचट प्रश्न.

'रोज थोडी तरी' असं तू लिहिलंस, ते मला आवडलं. रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं धाडलेलं अन्न, मिळायचा तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी म्हणून झाकून ठेवला की त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. तेव्हा पहाटे अर्धा तास बसून दिवसभराची शांती भरून ठेवायचा हट्ट तू सध्या सोड. तसंही तुला झोप लागते, आणि ती झोप तुला हवीच आहे. त्यापेक्षा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तू आईंची कूस बदलतेस ना, तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेतली एकच ओळ म्हण. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' एवढीच. बाकीची प्रार्थना जमेल तेव्हा. पाठ असलेलं बोलताना मन लागत नाही, अशी शंका काढू नकोस. मन थकलेलं असतं तेव्हाच पाठांतर उपयोगी पडतं.

आणि गा. मी हे मनापासून सांगतेय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या, ओवीच्या वळणावर का रचली? आपल्या माणसांच्या जिभेवर आधीपासून तीच लय होती. ती पुस्तक न धरता, चादर बदलता बदलता म्हणता येतात. आईंना लहानपणापासून पाठ असलेलं एखादं निवड. उजवी बाजू आणि वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं लागलं की शब्दांसकट गुणगुणता येतं, कारण बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एकाच वाटेनं चालत नाही. आईंना जमेलच असं नाही. नाही जमलं तरी त्या ऐकतील, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तुम्ही दोघी मिळून उपासना कराल.

आता मंडळीकडे, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांकडे, वळते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट आणतात, गर्दी आहे म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. येशू 'त्यांचा विश्वास पाहून' बोलतो, असं तिथं लिहिलंय. खाटेवरच्याच्या विश्वासाची चौकशी कुणी करत नाही. सध्या तुझ्या घरात खाटेवर दोघी आहेत, आणि खाट धरायची पाळी मंडळीची आहे. पाळकसाहेबांना सांग की पुढचे सहा महिने प्रार्थनासभा आमच्याकडे नको, किंवा ठेवायची तर चहा-पोहे मंडळानं आणायचे आणि कपबशा धुऊन जायचं. मंडळातल्या दोघीतिघींनी आठवड्यातून एक दुपार आईंजवळ बसावं, हेही माग. तेवढ्या वेळात तू बायबल वाचू नकोस, झोप. विश्वासात खोट शोधायला सांगणाऱ्या बाईंनाही एक दुपार दे, नाराज व्हायला नकोत.

आणखी एक गोष्ट, हसण्यावारी नेऊ नकोस. जेवण नकोसं होत असेल, कारण नसताना रडू येत असेल, मध्यरात्री जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, तर तुझ्या स्वतःच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जा, आईंचं औषध आणायला जाशील त्याच खेपेत. आपण नसलेलंच बरं असं कधी वाटलं, तर थांबायचं नाही, त्याच क्षणी मिस्टरांना उठवायचं आणि १४४१६ ला फोन लावायचा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळी घ्यावी लागली तर घे. लूक स्वतः वैद्य होता.

राहिली ननंद. ती वाईट नाही. तिला पुण्यात बसून अपराधी वाटतं आणि ते कबुतराच्या पाठीवर रोज तुझ्याकडे येतं. आई तिचीही आहे. तिला मेसेज करू नकोस, सरळ फोन कर. मिस्टरांना शेजारी बसव, म्हणजे 'दादाला विचारते' ही पळवाट राहणार नाही. म्हण, 'ताई, तुमची वचनं मिळतात. आता महिन्याचा पहिला रविवार तुम्ही यायचं. शनिवारी रात्री या, आईंचं सगळं शिकवते, आणि रविवारी मी चर्चला जाऊन माहेरी जेवून संध्याकाळी येईन.' मुलं, नोकरी, गाडीची वेळ अशी कारणं सांगेल, तेव्हा तू गप्प राहा. मध्येच 'राहू द्या, मी बघते' म्हणालीस तर पुढची दीड वर्षं बघत बसशील. ती काय म्हणाली ते मला कळव.

– मावशी