अर्थ मागे घेऊ नकोस, तो एक शब्द मागे घे

वाचकाचं पत्र:

मावशी, मी ग्वाल्हेरची. इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करते आहे. गणपतीत आमच्या मंडळाच्या काव्यवाचनात मी कवी भा. रा. तांब्यांची 'नववधू प्रिया मी बावरते' वाचली आणि म्हटलं, ही आत्मा-परमात्म्याची कविता नाहीच. घर सोडून निघालेल्या एका घाबरलेल्या मुलीची ही कविता आहे, आणि अध्यात्म ही आपण शोधलेली पळवाट आहे. आजोबा मधूनच उठून घरी गेले. मराठी वाचायला मला त्यांनीच शिकवलं. आजी गेली तेव्हा दहाव्या दिवशी त्यांनी हीच कविता म्हटली होती. पंधरवडा झाला, 'जेवायला ये' यापलीकडे ते माझ्याशी बोललेले नाहीत. बाबा म्हणतात, "कवितांचे अर्थ लावून समाजाचं काय भलं होणार? बँकेच्या परीक्षेला बस." कविता ज्याला जशी वाटेल तशी असेल, तर माझं काय चुकलं? आणि तसं नसेल, तर मी हे शिकते आहे कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मुली,

आधी आजोबांचं बोलू. कवितेचा वाद वर्षभर चालला तरी बिघडत नाही, घरातला अबोला मात्र लांबू देऊ नये.

आजीच्या दहाव्याचं तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस. माझ्या मते सगळं तिथेच आहे. ज्या माणसाने आयुष्यभराच्या सोबतिणीला त्या ओळींनी निरोप दिला, त्याच्या देखत, भर मंडळात, तू त्या अर्थाला पळवाट म्हणालीस. तुझा अर्थ त्यांनी ऐकून घेतला असता. लागला तो हा शब्द. म्हणून अर्थ मागे घेऊ नकोस, शब्द मागे घे. दोघंच असाल तेव्हा सरळ म्हण, "आजोबा, पळवाट म्हणायला नको होतं." त्याला 'पण' जोडू नकोस, आणि त्या दिवशी तरी कवितेवर पुढे बोलू नकोस.

आणखी एक लक्षात घे. तुमच्याकडे शाळा हिंदीतून, कचेरी हिंदीतून. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, गणपतीच्या मांडवात आणि पाठ केलेल्या कवितांत. भा. रा. तांबे 1873 साली मुंगावलीला जन्मले आणि 1941 साली ग्वाल्हेरातच गेले. पुण्या-मुंबईला ते पाठ्यपुस्तकातले कवी, नाहीतर लताबाईंच्या आवाजातली गाणी. तुझ्या आजोबांना ते आपल्या गावचे. कवितेवर राग आणि ताल लिहून ठेवणारा कवी आणि गाण्याच्या घराण्यासाठी ओळखलं जाणारं ग्वाल्हेर, हे दोन्ही ज्याने आयुष्यभर जपलं, तो त्या कवितेची राखण करणारच. ती राखण तुझ्यावरचा राग समजू नकोस.

आता कविता. 'ज्याला जशी वाटेल तशी' हे मला अजिबात मान्य नाही. तसं असेल तर कुणाचं काहीच चुकत नाही, पण मग कुणाशी बोलण्यातही अर्थ राहत नाही. अर्थ लावायचा तर तो ओळींत दाखवता आला पाहिजे, आणि अडचणीची ओळ वगळून चालत नाही.

तुझ्या बाजूने भक्कम पुरावा आहे. 'मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा' हे कडवं माहेर सोडणाऱ्या मुलीचंच आहे. बागबगीचा, मळा, सोडताना चरचरणारं मन हे सगळं इथल्या मातीतलं आहे. पण पुढे काय होतं ते पाहा. ही मुलगी बंधन तोडून आपल्या प्रियाकडे पळत निघावं असंही म्हणते. त्याचं चित्र उराशी धरते, त्याला हारतुरे घालते, त्या छायेवरच खूश असते, आणि तो स्वतः बोलावतो तेव्हा मात्र थरथरते. नवऱ्याच्या चित्राला हारतुरे कोण घालतं? पूजा करणारं माणूस घालतं. मूर्तीपुढे निर्धास्त असलेला भक्त प्रत्यक्ष बोलावणं आलं की कापतो, हे त्या कडव्यात स्वच्छ दिसतं. आणि शेवटी सासरला ती 'खरे घर ते' म्हणते. या दोन जागांवर तू मंडळात काय बोललीस? पत्रात तरी त्यांचा उल्लेख नाही. नववधू म्हणजे जीव आणि सासर म्हणजे मरणापलीकडचं परमात्म्याचं घर, हा आजोबांचा अर्थ नेमका तिथे उभा आहे.

मात्र त्यांच्याही अर्थाला तुझ्या मुलीची गरज आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनीचे, म्हणजे शब्दांतून सूचित होणाऱ्या अर्थाचे, प्रकार सांगताना एक प्रकार असा सांगितला की त्यात शब्दांचा सरळ अर्थ पुसला जात नाही. तो जागेवर राहतो आणि तिथूनच पलीकडचा अर्थ दाखवतो. त्याला विवक्षितान्यपरवाच्य म्हणतात. ही कविता मी त्यात धरते. मरण जवळ आलं की जीव का घुटमळतो हे आपल्याला कळतं, कारण निघताना गळा दाटलेली लेक आपण पाहिलेली असते. ती मुलगी खोटी ठरवली तर परमात्माही हवेत राहतो. अर्थ लेखकाच्या हातात नसतो असं सांगणारा, फ्रेंच समीक्षक रोलां बार्थचा 1967 चा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध तुम्हाला वर्गात शिकवत असतील, तो जरूर वाच. आजोबांशी बोलताना मात्र आनंदवर्धन घे. त्या जमिनीवर तुम्ही दोघंही उभे राहू शकता.

एका बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे. 'बावरते' हा शब्द जुन्या मंडळींना फार गोड वाटतो. तांब्यांच्या तरुणपणी कितीतरी घरांतली नववधू अजून परकर नेसायच्या वयाची असायची. ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 ठरलं तेच 1929 साली. त्या वयाची पोर सासरी निघताना कापत असेल, तर त्या कापण्याला नुसती लाज म्हणून भागत नाही. हे तू मंडळात बोललीस ते बरं केलंस, आणि पुन्हा बोलावं असंच मी म्हणेन.

इथून बाबांच्या प्रश्नाकडे येते. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते इंदूरला, म्हणजे तुमच्या आमच्या मुलखातच. कोवळ्या मुलीचं पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न ठरवतात, ही त्याची गोष्ट. पुढे 30 वर्षांनी लग्नाच्या वयाचा कायदा झाला आणि लोक त्याला शारदा कायदा म्हणू लागले. आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटतं की ते नाव नाटकावरून पडलं. खरं तर ते अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलं, विधेयक त्यांनी मांडलं होतं. म्हणून बाबांना 'नाटकाने कायदा केला' असं सांगायला जाऊ नकोस, ते खरं नाही. नाटकाने केलं ते वेगळं. 'रीत आहे' एवढं म्हणून जी गोष्ट घरोघरी संपवली जात होती, तिला एका मुलीचं नाव, तोंड आणि गाणी दिली. घरातल्या बायका ती गाणी गुणगुणत होत्या. कायद्याची कलमं कुणी गुणगुणत नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये त्या ग्वाल्हेरात पडल्या. सुभद्राकुमारी चौहानांची राणीवरची कविता तू शाळेत पाठ केली असणार, मध्य प्रदेशात कुणी केली नाही? तिच्यात ग्वाल्हेरचे राजे शिंदे यांना इंग्रजांचे मित्र म्हटलंय आणि त्यांनी राजधानी सोडल्याचं स्पष्ट लिहिलंय. तुमच्यासारख्या कितीतरी घरांच्या पणजोबांची चाकरी शिंदे सरकारात झाली. देवघराच्या भिंतीवर महाराजांची तसबीर आणि मुलीच्या वहीत ती ओळ, असं एका छपराखाली राहिलेलं आहे. तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे यांची फौज राणीच्या बाजूला गेली आणि ते आग्र्याकडे निघाले, एवढं इतिहासात आहे. त्यांनी काय करायला हवं होतं, यावर माणसं अजून भांडतात. आजोबांना ही ओळ लहानपणी कुणी शिकवली, वर्गात ती म्हणताना त्यांना काय वाटायचं, हे एकदा विचार. बाबाही त्याच ओळीवर मोठे झालेत. ते काय म्हणतात ते ऐक. समाजात साहित्य काय काम करतं याचं उत्तर तुला तुमच्याच जेवणाच्या खोलीत मिळेल, आणि बाबा ते देताना स्वतः कवितेचा अर्थ लावत असतील.

बाबांच्या काळजीतला पोटापाण्याचा भाग मात्र खरा आहे, तो साहित्याच्या थोरवीखाली झाकू नकोस. त्यांच्यापुढे कागद घेऊन बस. एम.ए. कधी संपतं, प्राध्यापकपदासाठीची नेट ही पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा असते, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा किती येतं, प्राध्यापकांच्या जागा राज्याच्या लोकसेवा आयोगातून कशा भरतात, बी.एड. करायचं तर किती वर्षं आणि किती फी, हे सगळं लिहून काढ. किती प्रयत्न करायचे ते दोघं मिळून ठरवा. तोवर बँकेची परीक्षाही द्यावीशी वाटली तर दे, त्यात कमीपणा नाही. बँकेत नोकरी करून उत्तम वाचणारी माणसं मला माहीत आहेत.

अबोला सुटला की कोजागिरीच्या कार्यक्रमाला मंडळाकडे दहा मिनिटं माग. कविता आजोबांनी म्हणावी, बोलावं तू. ते नको म्हणाले तर आग्रह धरू नकोस, घरीच म्हणायला सांग. या वेळी 'खरे घर ते' या ओळीपाशी थांब आणि तिचं काय करायचं ते सगळ्यांसमोर मांड. हारतुऱ्यांच्या कडव्याचं उत्तर आधी मला लिहून पाठव. माझा अर्थ मी सांगितला आहे, पण तुझ्या वाचनात ते कडवं कुठे बसतं हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
मावशी