ताई, आमच्या अकरा घरांचं कोण ऐकणार?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. बोलत नाही, पण कुकरच्या शिट्ट्या बरोब्बर मोजतो, तिसरी झाली की माझी ओढणी धरून गॅसपाशी नेतो. आम्ही अकरा घरं दर रविवारी नेहरू पार्कात भेटतो. माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे आईवडिलांनीच मागे लागून कायदा करवून घेतला आणि ऑटिझमच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळवला. मी हे ग्रुपमध्ये सांगितलं तर आमचे हे म्हणाले, अगं तिकडची गोष्ट वेगळी, इथे आपलं कोण ऐकतं. खरंच काही होऊ शकतं का? की तो वेळ मुलाच्या स्पीच थेरपीलाच द्यावा?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: आधी थेरपीचं बोलते. ती सोडायची नाही, एक दिवससुद्धा नाही. बाकीच्या कामाला आठवड्यातला एक तास पुरतो आणि तो तुमच्याकडे रविवारचा आहेच.

नणंदबाईंनी सांगितलं ते खरं आहे, पण ते दोन-चार वर्षांत झालेलं नाही. तिकडेही एकेकाळी डॉक्टरच म्हणायचे की आई कोरडी, माया नाही, म्हणून मूल असं झालं. माझा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे, तो लहान असताना मलाही एका नातेवाईकांनी हेच ऐकवलं होतं, त्यामुळे त्या बायकांचं काय झालं असेल ते मला वेगळं सांगायला नको. बर्नार्ड रिमलँड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. त्यांनी १९६४ मध्ये हे सगळं खोडून काढलं, हा मेंदूच्या घडणीचा विषय आहे, आईच्या मायेचा नाही असं मांडलं, आणि पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

तरी संशोधनाला पैसा नव्हताच. मग नव्वदच्या दशकात पालकांनी स्वतःच पैसे गोळा करायला सुरुवात केली. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते ‘क्युअर ऑटिझम नाऊ’ या पालकांच्या संस्थेचं काम. ज्या घरात एकाहून जास्त मुलांना ऑटिझम आहे अशी घरं शोधून त्यांनी रक्ताचे नमुने आणि माहिती जमवली, आणि ती एका शास्त्रज्ञाच्या कपाटात न ठेवता सगळ्या शास्त्रज्ञांना वापरायला दिली. म्हणजे बघा, मागणी करायला गेले तेव्हा त्यांच्या हातात देण्यासारखं काहीतरी होतं. २००५ मध्ये बॉब आणि सुझान राइट या आजीआजोबांनी नातवासाठी ‘ऑटिझम स्पीक्स’ काढलं, पालकांची ताकद एकवटली, आणि १९ डिसेंबर २००६ ला ‘कॉम्बॅटिंग ऑटिझम ॲक्ट’वर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. पाच वर्षांसाठी साधारण ९४.५ कोटी डॉलर. त्याच वर्षी तिकडच्या संसदेतल्या एका समितीच्या अध्यक्षांनी हे बिल अडवून धरलं होतं, तेव्हा पालकांनी फोन आणि पत्रं चालूच ठेवली होती.

पण कायद्यात आकडा आला म्हणजे पैसा आला असं नसतं. कायदा फक्त इतक्यापर्यंत खर्च करता येईल असं म्हणतो, प्रत्यक्ष रक्कम दरवर्षी बजेटमध्ये पुन्हा मागावी लागते. शिवाय हा कायदा मुदतीचा, म्हणून २०११, २०१४, २०१९ आणि २०२४ ला परत मंजूर करून घ्यावा लागला, दर वेळी आईवडील परत तिथे उभे.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडून चुकली असं मला मनापासून वाटतं. मोठी झालेली ऑटिस्टिक माणसंच म्हणायला लागली, अहो ‘कॉम्बॅटिंग’ म्हणजे लढा कुणाशी, आमच्याशी? आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. २०१४ मध्ये ते नाव बदललं. पैशाचा मोठा वाटाही कारणं आणि जनुकं शोधण्यात गेला, मूल तीस वर्षांचं झाल्यावर कुठे राहणार, काय काम करणार यासाठी फार थोडा उरला. माझ्या वयाच्या आयांना रात्री झोप लागत नाही ती याच प्रश्नाने.

आता आपल्याकडचं. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. पालक संस्था मागे लागल्या, १९९९ ला नॅशनल ट्रस्टचा, म्हणजे ऑटिझम आणि आणखी काही अपंगत्वांसाठीच्या सरकारी संस्थेचा, कायदा आला, मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आला. त्याच कायद्याचं कलम २८ सरकारला पुनर्वसनाशी संबंधित संशोधन सुरू करायला सांगतं, आणि कलम ८८ मध्ये राज्याचा दिव्यांग निधी आहे. म्हणजे नवा कायदा मागत बसायचं कारण नाही, आहे त्याचा हिशेब मागा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारा, मध्य प्रदेशच्या त्या निधीत किती जमा, किती खर्च, संशोधनावर किती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि या रविवारी एक शंभर पानी वही घेऊन जा. प्रत्येक घराला एक पान. पहिली शंका कोणत्या वयात आली, निदान कोणत्या वयात झालं, मधल्या काळात कोण काय म्हणालं (मला एक डॉक्टर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत राहिले आणि दोन वर्षं गेली), थेरपीला किती लांब जावं लागतं, महिन्याला किती खर्च. नावं नका लिहू, घर एक, घर दोन असं चालेल. कुणाच्या ओळखीत मोठी ऑटिस्टिक व्यक्ती असेल तर तिचंही पान हवं, तिला काय हवंय ते तिच्याच म्हणण्याप्रमाणे, बोलत नसेल तर चित्रं दाखवून विचारा. अकरा पानं भरली की त्यातून एक पानाचं निवेदन होतं आणि त्यात मागणी एकच ठेवा, उदाहरणार्थ इंदूर जिल्ह्यात अशी किती मुलं आहेत आणि निदानाला उशीर का होतो याचा अभ्यास मेडिकल कॉलेजकडून करवून घ्या. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे द्या. नॅशनल ट्रस्टच्या जिल्हा समितीचे अध्यक्षही कलेक्टरच असतात, त्यामुळे विषय त्यांच्या कक्षेबाहेरचा नाही. एक प्रत खासदारांना, म्हणजे संसदेत प्रश्न विचारता येतो. दोन्हीकडे पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तुमच्या ह्यांनाच न्या पोच घ्यायला.

प्रश्न: नातू ऑटिस्टिक आहे. आता नात झाली आहे, तिला सूनबाई गोवराची लस द्यायला घाबरते आहे.
— एक आजोबा, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: काका, या लसीने ऑटिझम होतो ही भीती १९९८ च्या एका शोधनिबंधातून पसरली, त्यात मुलं होती फक्त बारा. तो निबंध छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकाने २०१० ला मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्सही गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, संबंध सापडला नाही. सूनबाईंना रागावू नका, एका मुलाचं निदान ऐकलेल्या आईला सगळ्याचीच भीती वाटते. तुम्ही सोबत जा, नातीला मांडीवर तुम्ही घ्या. नऊ महिने झाले असतील तर याच आठवड्यात.