पप्पांची बाईक न विचारता काढू नकोस रे
सतरा वर्षांचा होतो, आम्ही तिघं पप्पांची बाईक बंदच ढकलत गल्लीबाहेर नेली आणि थेट सिंहगड, चढताना भारी वाटलं पण उतरताना मी सारखा ब्रेकच दाबत होतो, एका वळणावर जळका वास आला आणि ब्रेक लागेचना, डोंगराच्या बाजूला घासून कशीबशी थांबवली. मागच्याचा गुडघा पार सोलला होता, अजून डोळ्यासमोर येतो. घाट उतरताना गाडी सेकंड गियरवरच ठेव, क्लच दाबून गाडी उतारावर सोडू नकोस. ट्रिपल सीट तर अजिबातच नको. आणि २०१९ पासून कायदा कडक झालाय, १८ च्या आत सापडलास तर पालकांना २५,००० दंड नि तीन वर्षांपर्यंत जेल, तुला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. काही झालंच तर आधी घरी फोन कर. माझे पप्पा आले तेव्हा एक शब्द न बोलता आधी मित्राला दवाखान्यात घेऊन गेले.